जनरलसाहेबांची जयंती

बाबा २००६च्या मे महिन्यात आमच्याकडे अमेरिकेत हर्नडनला राहायला आले आणि पहिले काही आठवडे खोलीतून बाहेरच पडले नाहीत.

आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. गावाकडच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, तुझे बाबा दिवस दिवस दार उघडत नाहीत. डबा ठेवते, तो तसाच्या तसा परत येतो." मग मी हट्ट धरून, रडून, भांडून त्यांना इथं आणलं. पण जागा बदलून माणूस बदलतो हा माझा भ्रम होता. तिकडे दार लावून बसायचे, इकडेही दार लावून बसू लागले. फरक एवढाच की इथं टीव्हीवर वेदर चॅनेल लावलेलं असायचं. ओहायोत गारा पडल्या काय किंवा फ्लोरिडात वादळ आलं काय, बाबांना त्याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण त्या चॅनेलवर कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून त्यांना ते आवडायचं. मला मात्र बंद दाराबाहेर तो आवाज ऐकला की वाटायचं, हा माणूस असाच हळूहळू बसल्याजागी संपणार.

खरं तर बाबा गप्प बसणाऱ्यातले नव्हेतच. तालुक्याच्या गावी नगरपालिकेत ते मुकादम होते. गटारं, कचरा, दिवाबत्ती सगळं पाहायचे, पण त्यांच्या खास अभिमानाची गोष्ट म्हणजे चौकातले पुतळे. कुणाचीही जयंती-पुण्यतिथी आली की आदल्या दिवशी शिडी लावून बाबा स्वतः वर चढायचे, पुतळ्याला आंघोळ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष हार घालून उतरले की शिडी धरायचे. पुतळ्याच्या कानामागे सगळ्यांत जास्त धूळ बसते, हे मला शाळेत सोडायला जाताना त्यांनीच सांगितलेलं. आई त्यावरून त्यांची थट्टा करायची. "स्वतःच्या कानामागचं कधी बघितलंय का?" म्हणायची.

आईची थट्टा करायलाही बाबांकडे एक कारण होतं. आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. आणि आई कधी, म्हणजे कधीही, पाहुण्यांच्या आधी जेवली नाही. शेवटचा पाहुणा हात धुवायला उठल्यावर ही पातेल्यातलं खरवडून घेऊन बसायची. बाबा म्हणायचे, "स्वर्गाच्या दारात रांग असली ना, तर तिथंसुद्धा मागच्यांना म्हणशील, तुम्ही व्हा पुढं." आई म्हणायची, "म्हणेनच. मला कुठं घाई आहे?"

बाबांना खोलीबाहेर काढलं ते मी नाही, माझ्या नवऱ्यानं नाही आणि आजोबांशी इंग्रजीतच बोलणाऱ्या माझ्या मुलीनंही नाही. कचऱ्याच्या गाडीनं काढलं. एका सकाळी खिडकीतून त्यांना ती दिसली. गाडी आली, तिच्या कुशीतून एक लोखंडी हात बाहेर आला, त्यानं आमचा डबा उचलला, उलटा केला, झटकला आणि जागेवर ठेवला. बाबा पायजम्यावरच खाली धावले. "माणूस खालीच उतरला नाही!" ते मला ओरडून सांगत होते. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

त्याच वेळी तीन घरं सोडून राहणारे एक गृहस्थ आपला रिकामा डबा आत न्यायला आले होते. उंच, कृष्णवर्णीय, पांढऱ्या मिशांचे. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले आणि बायको गेल्यामुळे एकटेच राहणारे. ते बाबांकडे बघून हसले आणि "गुड मॉर्निंग" म्हणाले. बाबांचं इंग्रजी सगळं नगरपालिकेच्या फायलींतलं. ते म्हणाले, "गुड मॉर्निंग. व्हेरी गुड व्हेइकल. सँक्शन्ड बाय गव्हर्न्मेंट?"

एवढ्यावर त्यांची मैत्री जमली. दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी फिरायला जायला लागले. बाबा त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचे आणि आमच्या तोंडून ऐकून ऐकून ते बाबांना 'बाबा' म्हणायचे. काय बोलायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाबा मराठी, ते इंग्रजी, आणि मध्ये हातवारे. ड्रायव्हरसाहेब एकदा मला म्हणाले, "तुझे वडील फार बोलतात." मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन शिरा केला. वेदर चॅनेल बंद पडलं. बाबांनी मागच्या अंगणात झेंडू लावला.

आमची वसाहत जिथं जुन्या रस्त्याला मिळते, तिथं खांबावर एक पाटी होती. रुपेरी रंगाची, काळ्या उठावदार अक्षरांची, सरकारनं लावलेली. इकडे रस्त्यारस्त्यावर असतात तसली. अमेरिकेच्या यादवी युद्धातला कुणी एक जनरल इथं जन्मला आणि वाढला, त्याचं घर इथून थोडं उत्तरेला होतं, पुढे ते जळालं, अशा अर्थाचा मजकूर. घराच्या जागी आता दातांचा दवाखाना आहे. मला त्या पाटीचा उपयोग एकच: गणपतीला कुणी नवीन मंडळी यायची असली की फोनवर सांगायचं, "जनरलची पाटी दिसली की लेफ्ट घ्या, नाहीतर सरळ हायवेला लागाल." वर्षानुवर्षं तिच्यावरून गाडी नेली, पण ती थांबून वाचावी असं काही मनात आलं नाही.

बाबांच्या डोळ्यांत मात्र ती खुपायला लागली. तिच्यावर पक्ष्यांनी घाण केली होती, खालच्या कडेला शेवाळं धरलं होतं आणि खांबाला वेल लपेटला होता. "एवढा मोठा जनरल आणि ही अवस्था?" ते जेवताना म्हणाले. "तुमच्याकडे ह्याची जयंती करत नाहीत?"

"इथं कुणी करत नाही बाबा. पाटी लावली की झालं."

"मग पाटी लावायचीच कशाला?"

बाबांनी नातीला कामाला लावलं. तिनं कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं की जनरलचा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. बाबांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना कुणी पुन्हा नोकरीवर रुजू करून घेतलंय. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मुलीनं त्यांना आणखीही काही सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे. "आजोबा, आय थिंक ही वॉज ऑन द अदर साइड," असं काहीसं. बाबा म्हणाले, "हो हो, रस्त्याच्या अदर साइडलाच आहे," आणि शिडी शोधायला गॅरेजमध्ये गेले. मी कानावर आलं तेवढं ऐकून घेतलं आणि म्हटलं, म्हाताऱ्याला काहीतरी विरंगुळा मिळतोय, मिळू दे.

जयंतीचा शनिवार होता. बाबांनी पहाटे आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, टोपी चढवली. कोमट पाण्याची बादली, भांड्यांचा साबण, जुना टॉवेल, शिडी अशी सगळी सामग्री घेऊन आमची वरात निघाली. मी मागून कॉफीचा कप हातात धरून, कुणी ओळखीचं बघत नाही ना, ह्या काळजीत. बाबांनी पाटी दोन्ही बाजूंनी धुतली. अक्षरांच्या खोबणीतली घाण काडीनं काढली. वेल कापला. मग झेंडूचा हार घातला. सुतळी मिळाली नव्हती म्हणून हार दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्यात ओवला होता. दातांच्या दवाखान्यासमोर तो शोभलाही. खांबाच्या पायथ्याशी दगडावर नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, त्यात साखर घातली आणि ताटली हातात घेऊन ते उभे राहिले.

गाड्या हळू होऊ लागल्या. एक पिकअप ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि आतल्या माणसानं अंगठा वर केला. मग एक गोरे, वयस्क गृहस्थ चक्क गाडी बाजूला लावून उतरले. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की आजकाल आपल्याच माणसांना आपल्या वीरांची लाज वाटते, आणि तुम्ही परक्या देशातून येऊन हे केलंत. त्यांना भरून आलं होतं. बाबांनाही भरून आलं. त्यांनी खोबरं-साखर दिली, त्या गृहस्थांनी ती खाल्ली. मला तेव्हा पहिल्यांदा जरा कसंसंच वाटलं. मी पुढे होऊन पाटी वाचली. पहिल्या दोन ओळींतच कळलं की जनरल दक्षिणेकडचा. म्हणजे गुलामगिरी टिकावी म्हणून जी फौज लढली, तिचा.

आणि त्याच वेळी ड्रायव्हरसाहेब कोपऱ्यावरून वळून आले.

ते नेहमीप्रमाणे फिरायला निघाले होते. बाबांनी त्यांना पाहिलं आणि हाक मारली. ताटली दोन्ही हातांनी पुढे केली. ड्रायव्हरसाहेबांनी आधी हाराकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग अजून अंगठा दाखवून जाणाऱ्या कुणाकडे, आणि सगळ्यांत शेवटी बाबांकडे. "नो, सर," ते म्हणाले. आजवर त्यांनी बाबांना कधी सर म्हटलं नव्हतं. ते वळले आणि आल्या वाटेनं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बाबा बूट घालून पायरीवर बसून राहिले. "तब्येत बिघडली असेल त्यांची. जाऊन ये बघू," म्हणाले. काय बिघडलंय ते मला ठाऊक होतं, पण तोंडानं सांगवेना. मी डब्यात पोहे घेऊन गेले.

ड्रायव्हरसाहेब व्हरांड्यात बसले होते. मी माफीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं. ते मला कळतं. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही."

"मग या ना फिरायला."

ते म्हणाले, "माझ्या आजीचा आजोबा त्या जनरलच्याच जागेवर जन्मला. त्याच आवारात. ते दोघं लहानपणी एकत्र खेळले असतील, सांगता येत नाही. एक मोठा होऊन जनरल झाला आणि दुसरा त्याची मालमत्ता. पाटी एकाची लागली. मी त्या पाटीजवळ आलो की रस्ता ओलांडतो. पन्नास वर्षं ओलांडतोय. परवा माझा मित्र तिला पुसत होता."

बाबांनी मला सांगितलं होतं की ड्रायव्हरसाहेब तिथं आल्यावर सावलीसाठी पलीकडच्या बाजूला जातात.

घरी येऊन मी बाबांना सगळं समजावून सांगितलं, शब्द न गाळता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मालमत्ता म्हणजे? विकायची?" मी हो म्हटलं. ते उठले, शिडी घेऊन एकटेच गेले आणि हार उतरवून आणला. वाळलेला झेंडू परसात मातीत पुरला. मग खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून वेदर चॅनेलचा आवाज आला. मी जिन्यातच बसले आणि रडले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा जेवायला यायचे आणि ताटात चिवडल्यासारखं करून उठायचे. कचऱ्याची गाडी आली तरी खाली उतरत नसत. एकदा म्हणाले, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

"तिकडे जाऊन काय करणार?"

"इथं काय करतोय?"

तिकडे काय करणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दार लावून बसणार, आणि ह्या खेपेला काकूंनी फोन केला तरी मी काही करू शकणार नव्हते. मी एअरलाइनला फोन करायचं रोज उद्यावर ढकलत राहिले.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं अविधवा नवमीला. बाबांनी खीर, वडे, गवारीची भाजी, कढी सगळं करायला लावलं. इंडियन स्टोअरमधून केळीची गोठवलेली पानं आणली, ती कोमट पाण्यात सोडवली. मागच्या डेकच्या कठड्यावर आईचं पान मांडलं आणि बाबा "काव काव" करत उभे राहिले. शेजारच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. कावळे इथं भरपूर, गावाकडच्यापेक्षा अंगानं मोठे आणि काळेकुळकुळीत, पण एकही खाली येईना. शेवटी एक खार आली आणि वडा घेऊन पळाली.

"खारीनं घेतलं, चालेल ना?" मी म्हटलं.

"चालायला काय झालं, तुमच्या अमेरिकेत सगळंच चालतं." बाबा चिडले होते. आपल्याकडे कावळा पानाला शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण ते भरलेलं पान आणि त्याच्यापुढे टोपी घालून हात जोडलेले बाबा, हे बघून मीही हात जोडले.

मग ते म्हणाले, "तिचं काय अडलंय ते कळलं मला. आपल्या दारात आलेला माणूस तोंड फिरवून परत गेला. तिच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं." आणि मला म्हणाले, "चल. मला इंग्रजीत सांगायला तू लागशील."

आम्ही तसेच निघालो. ड्रायव्हरसाहेबांनी दार उघडलं आणि बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं. बाबा बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले. मला वाटलं होतं ते माफी मागतील. ती त्यांनी मागितली, पण अगदी थोडक्यात. "मी न वाचता हार घातला. नोकरीत असतो तर मेमो मिळाला असता." मग लगेच कामाला लागल्यासारखं म्हणाले, "विचार त्यांना, त्या आजोबांचं नाव काय?"

ड्रायव्हरसाहेबांनी नाव सांगितलं. बाबांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

"आणि गेले ती तिथी? तारीख?"

"ठाऊक नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "जन्माची नाही, मरणाची नाही. थंडीत गेला एवढंच आजी सांगायची. कुठं पुरलं तेही कुणाला माहीत नाही."

मी हे मराठीत सांगितलं. बाबांनी मान हलवली, अर्जातली एखादी त्रुटी किरकोळ निघावी तशी. "नो ऑब्जेक्शन," ते ड्रायव्हरसाहेबांनाच म्हणाले. आणि मग मला, "त्यांना सांग, आमच्यात त्यासाठी एक दिवस राखून ठेवलेला आहे. सर्वपित्री अमावस्या. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायचं राहून गेलं, ज्यांचं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी."

मी सांगितलं. ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले. "म्हणजे ज्यांची कुणी नोंदच ठेवली नाही, त्यांच्यासाठी तुमच्याकडे दिवस आहे?"

"दर वर्षी," बाबा म्हणाले.

"पण तो हिंदू नव्हता. चर्चला जाणारा होता."

"कावळा विचारत नाही," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरसाहेब एवढे मोठ्यानं हसले की बाबाही हसले. मग हसता हसताच त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. काय आणू, असं त्यांनी विचारलं. त्यांना जे आवडायचं ते आणा, बाबा म्हणाले. ते कुणाला ठाऊक असणार? थोडा विचार करून ड्रायव्हरसाहेब म्हणाले की आजी कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, करायची, आणि तिला तिच्या आजीनं शिकवलेला होता. म्हणजे तिच्या आजोबानंही तोच खाल्ला असेल.

अमावस्येला मी सुट्टी टाकली. मुलीलाही शाळेत पाठवलं नाही, तशी तीच हटून बसली होती. पुन्हा सगळा स्वयंपाक केला. बाबांनी कठड्यावर दोन पानं मांडली. एक आईचं, कारण नवमीचं तिचं राहिलं होतं, आणि एक शेजारी. दुपारी बाराच्या सुमाराला ड्रायव्हरसाहेब आले. चर्चला जायचा काळा सूट घातला होता आणि हातात फडक्यात गुंडाळलेला गरम कॉर्नब्रेड. बाबांनी तो दुसऱ्या पानावर मधोमध ठेवला आणि भोवती खीर-वडे वाढले. पाहुण्याच्या पानात डावं-उजवं नीट आहे ना, हेही वाकून बघितलं.

मग आम्ही चौघं वाट बघत उभे राहिलो. मुलगी झाडू घेऊन खारींच्या पाळतीवर होती. "आजोबा, व्हॉट इफ दे आर नॉट हंग्री?" तिनं विचारलं. बाबांनी "काव काव" सुरू केलं. ड्रायव्हरसाहेबांनी जरा इकडेतिकडे बघितलं आणि सूट-टायमधला तो उंच माणूसही "काव काव" करू लागला. त्यांचं बाबांपेक्षा चांगलं जमत होतं.

मेपलवर एक कावळा येऊन बसला. मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला. येईना.

"त्यांना सांग," बाबा हळूच म्हणाले, "त्यांच्या मनात काही राहिलं असेल. ते करीन म्हणून कबूल करावं लागतं. मोठ्यानं."

मी सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांनी टायची गाठ सारखी केली. पाटीसमोर उभे होते तेव्हा त्यांचा चेहरा जसा होता तसाच काही क्षण झाला. मग त्यांनी त्या आजोबांना नावानं हाक मारली, पूर्ण नावानं, अंगणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि म्हणाले, "तू इथंच जन्मलास. आम्हाला माहीत आहे. मी माझ्या नातवंडांना सांगेन." बाबांना त्यातलं नाव तेवढं कळलं. त्यांनीही ते तसंच मोठ्यानं म्हटलं, 'र'वर जरा जास्तच जोर देऊन, आणि माझ्या मुलीनंही म्हटलं.

कावळा उतरला. कठड्यावर बसला, दोन उड्या मारत आईच्या पानापाशी आला. बाबांचे ओठ हलत होते. कावळ्यानं आईच्या पानावरची खीर नुसती बघितली, ते पान ओलांडून पुढे गेला, कॉर्नब्रेडचा मोठा तुकडा चोचीत घेतला आणि उडाला.

ड्रायव्हरसाहेब कठड्याला धरून उभे होते. ते रडताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मी मात्र बाबांकडे बघत होते. आईचं पान दुसऱ्यांदा तसंच राहिलं होतं, आणि आता हा माणूस आत जाऊन दार लावून घेणार, अशी मला भीती वाटली. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "बाबा, येईल. आपण थांबू. आईसाठी येईल दुसरा."

बाबा हसत होते. डोळे भरून वाहत होते आणि ते हसत होते.

"येईल गं. तिला कुठं घाई आहे?" ते म्हणाले. "पाहुणे आलेत ना. तुम्ही व्हा पुढं, म्हणाली असेल."